गावाची माहिती लिहायची आहे: लोकसंख्या कुठली धरायची आणि 'एसटीची सोय आहे' म्हणजे नक्की काय?

शिवारातला:
मोहोळ तालुक्यातल्या सीनाकाठच्या एका गावाची दोन पानी माहिती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याला जोडायची आहे. लोकसंख्या आणि दळणवळण, एवढे दोनच भाग. गावाचं नाव टाकून शोधलं तर पंधरा-वीस साइट निघतात आणि सगळीकडे २०११ चे तेच आकडे, तेच वाक्य: 'गावात सार्वजनिक बससेवा उपलब्ध आहे, रेल्वे स्थानक १० किमीच्या पुढे आहे.' हे उतरवून काढायला माहिती लिहिणारा कशाला पाहिजे?

अडचण अशी की ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत आहे, दोन महसुली गावं मिळून. निम्मे लोक गावठाणात नाहीत, वस्त्यांवर आहेत. मतदार यादीतला आकडा जनगणनेशी जुळत नाही. आणि बस उपलब्ध म्हणावी तर ती फाट्यावरून जाते, गावात येत नाही. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करायची.

जनगणक:
आकड्याच्या आधी हद्द ठरवा. जनगणना ग्रामपंचायत मोजत नाही, महसुली गाव मोजते. २०११ मध्ये प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी संकेतांक आहे, सोलापूर जिल्ह्याचा संकेतांक ५२६. तुमच्या गटातल्या दोन्ही गावांचे आकडे वेगवेगळे काढा, मग बेरीज करा आणि खाली लिहा की ही बेरीज आहे.

नावावर विसंबू नका. उत्तर सोलापुरात बीबीदारफळ आहे, गावडीदारफळ आहे, आणि माढ्यात दारफळ सीना. कासेगाव पंढरपूर तालुक्यातही आहे आणि दक्षिण सोलापुरातही. तुमच्याच तालुक्यात कामती बुद्रुक, कामती खुर्द. इंग्रजी यादीत खुर्द-बुद्रुकची दोन-दोन अक्षरं होतात आणि साइटवाले ती गाळून टाकतात. एका गावाचे पुरुष, दुसऱ्याच्या स्त्रिया असा मेळ बसलेली पानं इंटरनेटवर आहेत. पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण येतं का, एवढं आधी तपासा.

त्यानंतर टक्केवारी. नमुन्याला एक गाव घेऊ, आकडे मनाने धरलेले आहेत: घरं ४५८, लोक २३४६, पुरुष १२१४, स्त्रिया ११३२, सहा वर्षांपर्यंतची मुलं ३०२, साक्षर १४६७. साक्षरता काढताना १४६७ ला २३४६ ने भागलं तर ६२.५ टक्के येते. ते चूक. सात वर्षांखालचं मूल जनगणनेत साक्षर धरतच नाहीत, म्हणून भाजकातून मुलं वजा करायची: २३४६ वजा ३०२ म्हणजे २०४४. आता उत्तर ७१.८ टक्के. नऊ टक्क्यांचा फरक नुसत्या भागाकाराचा. लिंग गुणोत्तर ११३२ भागिले १२१४ गुणिले १०००, म्हणजे ९३२. शेजारी ठेवायला २०११ चे जिल्ह्याचे आकडे: लोकसंख्या ४३,१७,७५६, गुणोत्तर ९३८, साक्षरता ७७.०२ टक्के. जिल्ह्यात सोलापूर शहर धरलेलं आहे, त्यामुळे गावाची साक्षरता जिल्ह्यापेक्षा खाली दिसली तर लगेच गाव मागास ठरवू नका.

नमुना आठ:
जाता जाता एक गंमत. या तक्त्यांत 'एससी', 'एसटी' असे रकाने असतात. आराखड्याच्या बैठकीत एसटीच्या रकान्यात शून्य बघून 'गावाला गाडी नाही' असा ठराव लिहायला घेणारे लोक असतात. तो रकाना अनुसूचित जमातींचा आहे, महामंडळाचा नव्हे.

सीनाकाठ:
जनगणकदादा, ऊसतोडीचं काय? २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली म्हणतात. तेव्हा आमच्या पट्ट्यात फडात तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडलेल्या असतात, आणि मंगळवेढा, सांगोल्याच्या कोरडवाहू गावांत घरांना कुलपं.

जनगणक:
ताई, मुद्द्याचं बोललात. २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, उजळणी १ ते ५ मार्च, आणि संदर्भ क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचे बारा. नियम असा: माणूस ज्या घरी नेहमी राहतो तिथे त्या वीस दिवसांत एक दिवस जरी राहिला, तरी त्याची नोंद त्याच घरी. पण वीसचे वीस दिवस बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. ऊसतोड टोळी दसरा-दिवाळीला जाते ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते, म्हणजे ती सापडते कारखान्याच्या गावी. टोळी तुमच्याकडे कोपी करून राहिली असेल तर ती तुमच्या सीनाकाठच्या गावात मोजली गेली, तिच्या मूळ गावात नाही.

२००१ ची मोजणीही फेब्रुवारीतच होती. त्यामुळे दोन जनगणनांची तुलना केली तरी ही चूक दिसत नाही, दोन्हीकडे सारखीच लपते. फक्त एखाद्या वर्षी टोळ्या जास्त आल्या, किंवा मधल्या दहा वर्षांत जवळ नवा कारखाना उभा राहिला, तर वाढ एकदम फुगलेली दिसते. ज्या गावातून टोळ्या जातात तिथे उलटं: म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुलं उरतात, मधलं वय गायब.

कामगारांचे रकानेही याच नजरेने वाचा. वर्षात १८३ दिवस किंवा जास्त काम ते मुख्य कामगार, कमी ते सीमांतिक. तोडीचा हंगाम लांबला तर माणूस मुख्य, आखडला तर सीमांतिक. गावातलं काम वाढलं-घटलं असा अर्थ त्यातून काढू नये.

शिवारातला:
मग आजची लोकसंख्या? जिल्ह्याची दशवार्षिक वाढ १२.१६ टक्के धरून पुढे नेली तर चालेल का? तुमच्या नमुन्याचे २३४६ पंधरा वर्षांत २७८७ होतात.

जनगणक:
गणित बरोबर, वापर चूक. जिल्ह्याचा दर ही शहर, तालुक्याची गावं, बागायती आणि माळरान या सगळ्यांची सरासरी. एका गावाला ती लावायची म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावर एका शेताचं पाणी ठरवायचं. अंदाज द्यायचाच असेल तर गावातून मोजून आणा, त्याला 'ग्रामपंचायत गणना' असं नाव द्या आणि महिना लिहा. अधिकृत नवा आकडा पुढच्या जनगणनेतून येईल. तिचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ चा. म्हणजे पुन्हा गाळप हंगामच.

नमुना आठ:
मोजायचं कसं ते सांगतो. गावात चार याद्या असतात आणि चारही वेगळ्या गोष्टी मोजतात.

नमुना नं. ८, कर आकारणी नोंदवही. ही मिळकती मोजते, माणसं नाही. बंद घर, गोठा, दोन भावांत वाटून झालेलं एकच घर, सगळं यात वेगळं. मतदार यादीत अठराच्या पुढचेच, शिवाय पुण्याला गेलेले आणि लग्न होऊन गेलेल्या मुली वर्षानुवर्षं राहतात. रेशनकार्डाला अन्नधान्य जोडलेलं, त्यामुळे नाव कमी करायला कुणी स्वतःहून येत नाही. राहिली अंगणवाडी आणि आशाताईंची कुटुंब नोंदवही. सगळ्यात ताजी आणि वस्तीनिहाय हीच, कारण लसीकरण आणि गरोदर मातांच्या नोंदीसाठी घरोघर फिरावंच लागतं. आशा साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते, तिला प्रत्येक उंबरा माहीत असतो.

तेव्हा पाया आशाताईंची नोंदवही. ती वस्तीनिहाय उतरवून घ्या, घर क्रमांक नमुना ८ शी जुळवा. जे घर नमुना ८ मध्ये आहे पण नोंदवहीत नाही, तिथे कुलूप आहे की नोंद सुटली, ते ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारा, पाच मिनिटांत उलगडतं. दोन वेळा करा: एकदा श्रावण-भाद्रपदात, एकदा जानेवारीत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. पाणीपुरवठा आणि दवाखान्याच्या नियोजनाला जानेवारीचा आकडा लागतो, कोप्यांसकट. शाळेच्या पटाला दोन्ही.

आणि हो, ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या बघून लोकसंख्येचा ताळा करता येतो. १५०० पर्यंत ७ सदस्य, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५, त्यापुढे १७. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीची २०११ ची लोकसंख्या कुणी ३८०० लिहिली असेल तर कुठेतरी दुसरं गाव मिसळलंय.

टप्पा सहा:
आता गाडीकडे येऊ. जनगणनेच्या ग्राम निर्देशिकेत बस, खाजगी बस, रेल्वे, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी असे रकाने आहेत. उत्तर फक्त आहे किंवा नाही. नसेल तर जवळात जवळ किती लांब, ते तीन अक्षरांत: ५ किमीच्या आत, ५ ते १०, १० च्या पुढे. एवढंच. दिवसाला एक फेरी असली तरी 'आहे', चाळीस असल्या तरी 'आहे'. त्यातही ही माहिती २००९ सालची. साइटवरचं वाक्य तिथूनच आलंय.

तुम्ही असं लिहा. गाडी गावात वळते की फाट्यावरून जाते. फाटा चावडीपासून किती. गावातून तालुक्याला पहिली गाडी किती वाजता, तालुक्याहून शेवटची किती वाजता. मुक्कामी गाडी आहे का. कुठल्या फेऱ्या शाळेच्या दिवशीच धावतात. आषाढी-कार्तिकीला किती दिवस फेऱ्या बंद राहतात, कारण यात्रेला आगारांच्या गाड्या ओढल्या जातात आणि पहिली कात्री खेड्याच्या फेरीला लागते. पंढरपूर याच जिल्ह्यात, त्यामुळे आपल्याकडे ते जास्त जाणवतं.

मुक्कामी गाडीला वेगळी ओळ द्या. रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते ती एक गाडी दहा फेऱ्यांच्या तोडीची. सकाळची कॉलेजची पोरं, सोलापूरला दवाखान्यात जाणारे, भाजीचं गाठोडं, सगळं तिच्यावर. ती बंद पडण्याची कारणं ठरलेली: चालक-वाहकाला झोपायला जागा नाही, संडास नाही, गाडी वळवायला मोकळी जागा नाही. ग्रामपंचायतीने एक खोली, पाणी आणि दिवा दिला की अर्धी मागणी आगारात तिथेच मान्य होते. वळणाला शाळेचं मैदान दाखवू नका, कुंपण झालं की फेरी गेली. गाडी बारा मीटरच्या आसपास लांब असते, एका दमात फिरायला मोठं अंगण लागतं.

वेळा बसस्थानकाच्या रंगवलेल्या फलकावरून घेऊ नका. वाहतूक नियंत्रकाकडे चालू वेळापत्रक असतं, तिथून उतरवा आणि मग एक सोमवार, एक रविवार फाट्यावर उभं राहून ताळा करा. कागदावर सहा आणि रस्त्यावर चार, असं निघालं तर दोन्ही लिहा. अंतरासाठी तिकिटावर भरवसा नको. भाडं टप्प्याने आकारतात, टप्पा ६ किमीचा, म्हणून ७ किमीलाही दोन टप्पे पडतात.

सीनाकाठ:
आणि वडाप, म्हणजे खाजगी जीपगाड्या? आमच्याकडे गाडी म्हणजे वडापच की ओ. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्यांना फुकट, पण ती सवलत फाट्यापासून पुढे. चावडी ते फाटा पूर्ण पैसे देऊनच जायचं.

टप्पा सहा:
बरोबर, म्हणून 'एसटी' आणि 'वडाप' एका ओळीत कोंबू नका. वडापला वेळापत्रक नसतं, गाडी भरली की सुटते. त्यामुळे नोंद वेगळ्या तऱ्हेची: गावात मुक्कामाला किती गाड्या, कुठपर्यंत जातात, माणशी किती घेतात, पहिली भरायला साधारण किती वेळ लागतो, आणि संध्याकाळी किती वाजल्यानंतर मिळत नाही. बाजाराच्या दिवशी दहा मिनिटांत भरते, एरवी पाऊण तास. गाडीमालकांची नावं, नंबर छापू नका. बऱ्याच जणांकडे टप्पा वाहतुकीचा परवाना नसतो, माहितीपुस्तिका त्यांच्या विरोधात पुरावा व्हायची.

रेल्वेचंही तसंच. मोहोळ आणि सोलापूरच्या मध्ये मुंढेवाडी, पाकणी, बाळे ही स्थानकं आहेत. गावापासून स्थानक ४ किमी असेल, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या किती? 'जवळचं स्थानक' आणि 'जवळची उपयोगी गाडी जिथे थांबते ते स्थानक' अशा दोन ओळी करा. नावावर जाऊन फसायचं प्रसिद्ध उदाहरण अक्कलकोट रोड: स्थानकाच्या नावात अक्कलकोट, गाव तिथून दहा-अकरा किमी लांब.

डांबर:
रस्त्याचं राहिलं. आधी रस्ता कुणाचा ते लिहा, कारण खड्ड्याचा अर्ज कुठे द्यायचा ते त्यावर ठरतं. राज्यमार्ग आणि प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. शेतात जाणारी पाणंद यांपैकी कशातच नाही, ती गाव नकाशावर बघायची. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६.५ ते २१ फूट. एकच तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात टेप लावली की बहुतेक पाणंदी निम्म्या भरतात.

२०११ च्या निर्देशिकेतलं महामार्गाचं अंतर तर पुसूनच टाका. तेव्हाच्या कागदांत सोलापूरहून जाणारे राष्ट्रीय महामार्ग ९, १३ आणि २११ होते. आता पुणे-हैदराबाद ६५, विजयपूरकडचा आणि तुळजापूरकडचा दोन्ही ५२. मंगळवेढा-सांगोल्याचा रस्ता १६६ झाला, अक्कलकोटचा १५०ई, मोहोळ-पंढरपूर पालखी मार्गात ९६५. तेव्हा 'राष्ट्रीय महामार्ग १० किमीच्या पुढे' असलेली कितीतरी गावं आज महामार्गाला लागून आहेत. जवळ आहेत म्हणजे सोय झाली असंही नाही. दुभाजक पडला की समोरच्या शेतात जायला दोन किमी लांब वळसा.

वर्दळ मोजणार असाल तर एक दिवस मोजून सोडू नका. सलग तीन दिवस, चोवीस तास, त्यात एक बाजाराचा दिवस. एकदा गाळपात, एकदा बिगरहंगामात. आषाढी, कार्तिकी आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा टाळा. नुसती वाहनं मोजून भागत नाही. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची समतुल्य एककं आहेत, म्हणजे एक वाहन किती कारइतका रस्ता अडवतं ते: दुचाकी अर्धा, कार किंवा रिक्षा १, ट्रक-बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, बैलगाडी ८.

गाळपातला एक दिवस मनाने धरू: दुचाकी ३१०, चारचाकी-रिक्षा ४५, ट्रॅक्टर-ट्रॉली ३८, बैलगाड्या २२, एसटी आणि ट्रक ९. वाहनं ४२४, एककं ५७४. त्यातली १७६ एककं एकट्या बैलगाड्यांची, ३१० दुचाकींच्या १५५ पेक्षा जास्त. बैलगाडी रस्ता अडवते, म्हणून. ही एककं रुंदी ठरवायला. जाडी ठरते भरलेल्या ट्रॉलीच्या चाकावर, ते गणित वेगळं.

बिघाड होतो तो असा. रस्ता ३.७५ मीटरचा एकेरी. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की दुसऱ्याला साईडपट्टीवर उतरावं लागतं. साईडपट्टीला मुरूम नसेल तर खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या पावसात ती फुगते, आणि डांबराची कड बिस्किटासारखी तुटते. तीन वर्षांत ३.७५ चा रस्ता तीनचा होतो. माहितीत 'डांबरी रस्ता: आहे' लिहिताना रुंदी टेपने मोजून लिहा, तीन जागी.

नमुना आठ:
प्रधानमंत्री ग्रामसडकबद्दल एक पुस्ती. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत सपाट प्रदेशात वस्ती ५०० लोकांची लागते, चौथ्या टप्प्यात ती २०११ च्या जनगणनेवर धरतात. पण ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. दोनशे-अडीचशेच्या तीन वस्त्या कागदावर सुट्या लिहिल्या तर तिन्ही बाद, एकत्र दाखवल्या तर पात्र. वस्तीनिहाय तक्ता हवा तो यासाठी.

सीनाकाठ:
पुलाचं कुणी बोललं नाही. नदीपलीकडचं गाव बंधाऱ्यावरून ३ किमी आणि पुलावरून १७. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून दुचाकी जाते, बैलगाडी नाही, एसटी तर नाहीच. पाणी चढलं की तीही बंद. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्गच बंद ठेवावा लागला, तिथे बंधाऱ्याची काय कथा. हायस्कूल पलीकडे असेल तर अंतर ३ लिहायचं का १७?

डांबर:
दोन्ही, महिन्यांसकट. 'बंधाऱ्यावरून ३ किमी, दुचाकी व पायी, पावसाळ्यात बंद. पुलावरून १७ किमी, बारमाही.' नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर मात्र कुठेच नको, ते सव्वा किमी भरेल आणि कुणीतरी अधिकारी तेच उचलेल.

शिवारातला:
सगळ्यांचे आभार. मसुद्याचा दळणवळणाचा भाग टाकतो, बघा:

'एसटी गावात येत नाही. फाटा ३.२ किमी. फाट्यावरून मोहोळकडे पहिली गाडी सकाळी ६.५०, मोहोळहून शेवटची संध्याकाळी ६.१५. रविवारी पहिली ८.३०. मुक्कामी गाडी नाही. वडाप सकाळी ७ ते संध्याकाळी ७, गावात चार गाड्या. फाट्याचा रस्ता ग्रामीण मार्ग, डांबरी, मूळ रुंदी ३.७५ मी., आज मोजलेली ३.१, २.९ आणि ३.४. जानेवारी ते मार्च ऊस वाहतूक.'

टप्पा सहा:
फाटा ३.२ चावडीपासून की वस्त्यांपासून?

शिवारातला:
चावडीपासून, दुचाकीच्या मीटरवर दोनदा मोजलं. नदीकडच्या वस्तीपासून ५.१ भरतं. तीही ओळ घालतो.

सीनाकाठ:
त्या वस्तीवरून चावडीपर्यंतची वाट डांबरी नाही ना? मग पावसाळ्यात ५.१ नव्हे. बांधावरून वळसा आहे तो मोजा.